प्रकल्प व्यवस्थापनाच्या पद्धतीची निवड : अहमदनगर (अहिल्यानगर) जिल्ह्यातील विकास प्रकल्पांचा ऐतिहासिक अभ्यास (१९१० ते २०२३)

प्रस्तावना

कोणत्याही प्रकल्पाचे यश हे त्यासाठी उपलब्ध झालेला निधी, तंत्रज्ञान आणि मनुष्यबळ यांवर अवलंबून असते, असे सामान्यतः मानले जाते. हे खरे असले तरी एक महत्त्वाचा घटक यात बहुधा दुर्लक्षित राहतो. तो म्हणजे प्रकल्प कोणत्या पद्धतीने चालवायचा याची निवड. संपूर्ण आराखडा आधी तयार करून तो वरून खाली राबवायचा, की लाभधारकांची संस्था उभारून तिच्या हाती कारभार द्यायचा, की लहान प्रमाणात आरंभ करून अनुभवानुसार आराखडा बदलत जायचे, हे तीन मार्ग प्रत्येक प्रकल्पकर्त्यापुढे असतात. यांपैकी कोणताही मार्ग सर्वकाळ योग्य किंवा सर्वकाळ अयोग्य नसतो. कामाचे स्वरूप व पद्धती यांचा मेळ बसतो की नाही, यावर त्या निवडीची योग्यता ठरते.

या प्रश्नाचा अभ्यास करण्यासाठी अहमदनगर जिल्ह्याइतके सोयीचे क्षेत्र महाराष्ट्रात क्वचितच सापडेल. ऑक्टोबर २०२४ पासून अधिकृतपणे अहिल्यानगर या नावाने ओळखला जाणारा हा जिल्हा सुमारे १७,०४८ चौरस किलोमीटर विस्ताराचा असून क्षेत्रफळाच्या दृष्टीने राज्यात पहिला आहे. अकोले तालुक्याच्या पश्चिम भागात सह्याद्रीच्या माथ्यावर मुसळधार पाऊस पडतो, तर नगर, पारनेर, कर्जत, जामखेड हे तालुके पर्जन्यछायेत येतात. पाण्याच्या या विषम वाटपामुळे गेल्या शंभराहून अधिक वर्षांत या एकाच जिल्ह्यात शासकीय धरण, सहकारी साखर कारखाना, ग्रामीण आरोग्य प्रकल्प आणि पाणलोट क्षेत्र विकास असे भिन्न प्रकृतीचे प्रकल्प साकारले. त्यांपैकी काहींची दखल देशाबाहेरही घेतली गेली.

उद्दिष्टे व अभ्यासपद्धती

प्रस्तुत निबंधाची उद्दिष्टे पुढीलप्रमाणे आहेत :

१) जिल्ह्यातील प्रमुख विकास प्रकल्पांत अवलंबिलेल्या व्यवस्थापन पद्धतींचा ऐतिहासिक आढावा घेणे.
२) त्या पद्धती कामाच्या कोणत्या टप्प्यावर यशस्वी ठरल्या व कोणत्या टप्प्यावर अपुऱ्या पडल्या, याचे विश्लेषण करणे.
३) पद्धतीची निवड करताना उपयोगी पडतील असे निकष या इतिहासातून मांडणे.

यासाठी ऐतिहासिक व तुलनात्मक अभ्यासपद्धतीचा अवलंब केला असून कालखंड भंडारदरा धरणाच्या आरंभापासून (१९१०) निळवंडे प्रकल्पाच्या डाव्या कालव्याच्या लोकार्पणापर्यंत (२०२३) मर्यादित ठेवला आहे.

सैद्धांतिक पार्श्वभूमी

प्रकल्प व्यवस्थापन ही स्वतंत्र ज्ञानशाखा विसाव्या शतकात आकारास आली. हेन्री गँट या अमेरिकी अभियंत्याने पहिल्या महायुद्धाच्या काळात कामाचे वेळापत्रक दर्शविणारा तक्ता रूढ केला. १९५७ मध्ये ड्यूपाँ कंपनीने रासायनिक कारखान्यांच्या कामासाठी ‘क्रिटिकल पाथ’ पद्धत विकसित केली आणि १९५८ मध्ये अमेरिकी नौदलाने पोलारिस क्षेपणास्त्र प्रकल्पासाठी ‘पर्ट’ हे तंत्र वापरले. या सर्व पद्धतींचे गृहीतक एकच होते : अंतिम उद्दिष्ट ठरलेले आहे, त्यासाठी करावयाची कामे ज्ञात आहेत आणि प्रश्न केवळ त्यांचा क्रम, वेळ व खर्च यांच्या नियोजनाचा आहे.

विकसनशील देशांतील ग्रामीण प्रकल्पांना ही गृहीतके लागू पडत नाहीत, याची जाणीव साठच्या दशकापासून होऊ लागली. अर्थतज्ज्ञ अल्बर्ट हर्शमन यांनी जागतिक बँकेच्या साहाय्याने चाललेल्या प्रकल्पांचे निरीक्षण करून १९६७ मध्ये लिहिलेल्या ग्रंथात प्रकल्पातील अनिश्चितता हाच अभ्यासाचा विषय केला. पुढे १९८० मध्ये डेव्हिड कॉर्टन यांनी आशियातील ग्रामविकास कार्यक्रमांच्या आधारे दोन पद्धतींतील भेद स्पष्ट केला. पूर्वनिश्चित आराखड्याची पद्धत ही पहिली, तर चुकांपासून शिकत, लोकांबरोबर कार्यक्रम घडवीत जाणारी पद्धत ही दुसरी. संगणकक्षेत्रात २००१ मध्ये अमेरिकेतील युटा राज्यात जाहीर झालेल्या ‘अजाईल’ जाहीरनाम्यानंतर हाच वाद नव्या परिभाषेत पुढे आला. अहमदनगर जिल्ह्यातील प्रकल्पकर्त्यांपैकी अनेकांपुढे ही परिभाषा नव्हती. तथापि निवडीचा प्रश्न त्यांच्यापुढेही होताच आणि त्याची उत्तरे त्यांनी प्रत्यक्ष कामातून शोधली.

भंडारदरा : पूर्वनिश्चित आराखड्याचे यश आणि मर्यादा

जिल्ह्यात जलव्यवस्थापनाची परंपरा जुनी आहे. निजामशाहीच्या काळातील खापरी नळांची व्यवस्था आणि भातोडीचा तलाव ही त्याची उदाहरणे होत. इंग्रजी अमलात एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात प्रवरा नदीवर ओझर व लाख येथून कालवे काढण्यात आले. परंतु या कालव्यांमागे मोठा साठा नव्हता. नदीला पाणी असेल तोवरच कालव्याला पाणी, अशी त्यांची स्थिती असल्याने दुष्काळात त्यांचा उपयोग मर्यादित राहिला. १८७६-७७, १८९६-९७ आणि १८९९-१९०० या दुष्काळांनी दख्खनची झालेली हानी लक्षात घेऊन १९०१ ते १९०३ या काळात काम करणाऱ्या भारतीय सिंचन आयोगाने संरक्षक सिंचन कामांचा पुरस्कार केला. महसुली उत्पन्नाच्या कसोटीला न उतरणारी कामेही दुष्काळनिवारणासाठी हाती घ्यावीत, असा या धोरणाचा आशय होता.

या धोरणातून अकोले तालुक्यात भंडारदरा येथे प्रवरेवरील धरणाचे काम १९१० मध्ये सुरू झाले व १० डिसेंबर १९२६ रोजी मुंबईचे गव्हर्नर लेस्ली विल्सन यांच्या हस्ते त्याचे उद्घाटन झाले. सुमारे २७० फूट उंचीचे हे दगडी धरण त्या काळातील देशातील सर्वांत उंच धरणांपैकी एक होते. त्याची साठवणक्षमता सुमारे ११ अब्ज घनफूट असून पाणी नदीपात्रातून ओझर बंधाऱ्यापर्यंत आणून डाव्या व उजव्या कालव्यांद्वारे संगमनेर, राहुरी, श्रीरामपूर, नेवासे या भागांत पोहोचविण्याची योजना होती.

धरणाच्या बांधणीसाठी स्वीकारलेली पद्धत पूर्णतः खातेनिहाय व अधिकारप्रधान होती. सर्वेक्षण, संकल्पन, अंदाजपत्रक, मंजुरी, बांधकाम हा क्रम ठरलेला होता आणि प्रत्येक टप्प्यावर अभियंत्याचा शब्द अखेरचा होता. या कामासाठी हीच पद्धत योग्य होती. धरणाच्या भिंतीची जाडी किंवा पायाची खोली हा ग्रामसभेत ठरविण्याचा विषय नाही. येथे चूक झाली तर ती दुरुस्त करणे अत्यंत कठीण असते आणि तिची किंमत खालच्या खोऱ्यातील गावांना मोजावी लागते. १९६९ मध्ये या धरणात गळतीमुळे गंभीर स्थिती उद्भवली, तेव्हाही तिचे निराकरण तज्ज्ञ अभियंत्यांनी आधारभिंती बांधून केले.

अडचण सुरू झाली ती कालव्यावर. पाणी उपलब्ध झाले म्हणून शेतकरी ते घेईलच, हे गृहीतक दख्खनच्या कालव्यांवर खरे ठरले नव्हते. चांगल्या पावसाच्या वर्षी ज्वारी-बाजरीच्या शेतकऱ्याला पाणीपट्टी भरून पाणी घेण्याचे कारण नसे आणि दुष्काळी वर्षी सर्वांनाच एकाच वेळी पाणी हवे असे. नीरा कालव्यावर विसाव्या शतकाच्या आरंभी मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांनी ‘ब्लॉक पद्धत’ मांडली ती याच समस्येचे उत्तर म्हणून. ठरावीक क्षेत्राला ठरावीक वर्षांसाठी पाण्याची हमी देऊन पीकरचना निश्चित करणे, हे तिचे तत्त्व होते. या पद्धतीमुळे पाण्याला मागणी निर्माण झाली. परंतु बारमाही पाण्यावर ऊस हेच पीक सर्वांत किफायतशीर ठरल्याने दुष्काळापासून संरक्षण हा मूळ हेतू मागे पडला. अनेक ठिकाणी जमिनी पाणथळ व खारपड झाल्या. सी. सी. इंग्लिस यांच्यासारख्या अभियंत्यांना दख्खन कालव्यांवरील जमिनींच्या निचऱ्याचा स्वतंत्र अभ्यास हाती घ्यावा लागला.

सामाजिक परिणामही दूरगामी होते. उसाच्या शेतीला लागणारे भांडवल सामान्य शेतकऱ्याजवळ नव्हते. हरिगावची बेलापूर कंपनी, टिळकनगरची महाराष्ट्र शुगर मिल्स अशा खासगी कंपन्यांनी शेतकऱ्यांच्या जमिनी दीर्घ मुदतीच्या खंडाने घेऊन ऊसमळे उभारले. १९६१ च्या कमाल जमीन धारणा कायद्यानंतर या जमिनी शासनाकडे आणि १९६३ मध्ये स्थापन झालेल्या शेती महामंडळाकडे गेल्या. मूळ मालकांचा, म्हणजे खंडकरी शेतकऱ्यांचा, जमीन परत मिळविण्याचा लढा पुढे अनेक दशके चालला. धरण वेळेत व उत्तम दर्जाचे झाले. मात्र त्याचा लाभ कोण घेणार, हा प्रश्न मूळ आराखड्यात कोणाच्याही जबाबदारीचा नव्हता.

प्रवरानगर : लाभधारकांची संस्था हाच प्रकल्प

या प्रश्नाचे उत्तर लाभक्षेत्रातील शेतकऱ्यांनीच शोधले. लोणी बुद्रुक येथील विठ्ठलराव विखे पाटील यांनी १९२३ मध्ये गावात सहकारी पतपेढी स्थापन केली होती. सावकारी कर्ज आणि गुळाच्या भावातील चढउतार यांनी पिचलेल्या बागायतदाराला स्वतःचा कारखाना हवा, हा विचार चाळीसच्या दशकात बळावला. पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेचे संचालक धनंजयराव गाडगीळ यांच्या अध्यक्षतेखाली १९४५ मध्ये बेलापूर येथे कालव्यांवरील बागायतदारांची परिषद भरली आणि सहकारी कारखान्याच्या कल्पनेला चालना मिळाली. वैकुंठभाई मेहता यांच्यासारख्या सहकारनिष्ठ मंत्र्याचा पाठिंबाही मोलाचा ठरला. प्रवरा सहकारी साखर कारखान्याचा पहिला गळीत हंगाम १९५०-५१ मध्ये पार पडला. महाराष्ट्रातील हा पहिला सहकारी साखर कारखाना होय.

व्यवस्थापनाच्या दृष्टीने या प्रकल्पाचा क्रम लक्षणीय आहे. खासगी कारखान्यात आधी भांडवल व यंत्रसामग्री येते आणि नंतर ऊस मिळविण्याची खटपट होते. येथे आधी सभासद जमा करण्यात आले. विठ्ठलराव व त्यांचे सहकारी यांनी गावोगावी फिरून भाग विकले. ऊस पिकविणारा हाच भागधारक असल्याने कच्च्या मालाची निश्चिती, भांडवलाचा एक हिस्सा आणि प्रकल्पावरील विश्वास या तिन्ही गोष्टी एकाच प्रयत्नातून साधल्या. उर्वरित भांडवलासाठी शासन व वित्तसंस्था यांचे साहाय्य घेण्यात आले.

अधिकारांची विभागणीही विचारपूर्वक झाली. पहिली सुमारे दहा वर्षे अध्यक्षपद गाडगीळ यांच्याकडे होते, तर उपाध्यक्ष म्हणून विठ्ठलराव काम पाहत होते. एकाकडे अर्थशास्त्राचे ज्ञान, शासनदरबारी वजन व गटातटांपासून अलिप्तता होती. दुसऱ्याकडे प्रत्येक गावाची नस ओळखणारा अनुभव होता. यंत्रे उभारणे, साखरेचा उतारा राखणे यांसारखी कामे तंत्रज्ञांवर सोपविण्यात आली. म्हणजे प्रवरानगरच्या प्रयोगात तांत्रिक कामासाठी आराखड्याची शिस्त आणि मालकी व धोरण यांसाठी लोकशाही संस्था असे दुहेरी व्यवस्थापन दिसते. पुढे कोपरगाव, राहुरी, श्रीरामपूर, संगमनेर येथे उभे राहिलेले कारखाने याच नमुन्यावर बेतलेले होते.

तथापि या पद्धतीच्याही मर्यादा होत्या. भाग घेण्यासाठी ऊस हवा आणि उसासाठी पाटपाणी हवे. त्यामुळे कालव्याबाहेरचा कोरडवाहू शेतकरी, ऊसतोडणी कामगार आणि भूमिहीन मजूर या संस्थेचे मालक होऊ शकले नाहीत. शिवाय अर्थशास्त्रज्ञ अध्यक्ष व शेतकरी उपाध्यक्ष अशी जोडी ही काही नियमाने सिद्ध होणारी व्यवस्था नव्हती. नमुन्याचे अनुकरण करताना इमारत, यंत्रे व पोटनियम यांचे अनुकरण करता येते. अधिकारांवरील असा अंतर्गत अंकुश मात्र प्रत्येक ठिकाणी नव्याने निर्माण करावा लागतो. महाराष्ट्रातील सहकाराच्या पुढील वाटचालीत तो सर्वत्र निर्माण झाला, असे म्हणता येत नाही.

जामखेड : आराखडा बदलण्याची तयारी

कालव्याचे पाणी न पोहोचलेल्या जामखेड तालुक्यात १९७० मध्ये डॉ. रजनीकांत आरोळे व डॉ. मेबल आरोळे या दांपत्याने सर्वंकष ग्रामीण आरोग्य प्रकल्प सुरू केला. दोघांचेही वैद्यकीय शिक्षण वेल्लोर येथे आणि सार्वजनिक आरोग्याचे शिक्षण अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात झाले होते. त्यांच्या आरंभीच्या योजनेत प्रशिक्षित परिचारिका खेड्यात राहून आरोग्यसेवा देतील, असे गृहीत होते. प्रत्यक्षात ते जमले नाही. बाहेरून आलेल्या तरुण परिचारिकेला खेड्यात एकटीने राहणे कठीण जाई आणि गावातील स्त्रियाही तिच्याशी मोकळेपणाने बोलत नसत.

यावर अधिक वेतन किंवा अधिक कडक देखरेख असा उपाय योजता आला असता. आरोळे दांपत्याने गृहीतकच बदलले. गावाने निवडलेल्या स्थानिक स्त्रियांना, त्यांपैकी अनेक निरक्षर व दलित समाजातील होत्या, ग्राम आरोग्य कार्यकर्त्या म्हणून तयार करण्यात आले. त्या नियमितपणे जामखेडला येत, शिकत, गावी जाऊन काम करीत आणि आलेले अनुभव पुढील प्रशिक्षणात मांडीत. १९७२ च्या दुष्काळात लोकांची पहिली गरज औषध नसून पाणी व अन्न आहे, हे लक्षात आल्यावर प्रकल्पाने हातपंप, शेतकरी मंडळे, महिला मंडळे अशी कामे हाती घेतली. हातपंप दलित वस्तीत बसविण्याच्या निर्णयामुळे पाण्याच्या प्रश्नाबरोबर अस्पृश्यतेच्या प्रश्नालाही हात घातला गेला. १९७५ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या प्रकाशनात या प्रयोगाची नोंद झाली आणि १९७९ मध्ये आरोळे दांपत्याला रॅमन मॅगसेसे पुरस्कार मिळाला. कॉर्टन यांनी ज्या पद्धतीचे १९८० मध्ये शास्त्रीय विवेचन केले, तिचे आचरण जामखेडमध्ये त्यापूर्वी दशकभर चालू होते.

पाणलोट विकास : दोन पद्धतींचा समन्वय

पर्जन्यछायेतील गावांचा खरा प्रश्न मृद्‌संधारण व जलसंधारणाचा होता. १९४२ च्या मुंबई जमीन सुधारणा योजना कायद्यानुसार शासनाने समपातळीवर बांध घालण्याची मोहीम राबविली. तांत्रिकदृष्ट्या समपातळीरेषा अचूक असली तरी ती शेताची हद्द पाळत नाही. बांध एका शेतातून तिरपा जाई, पेरणीला अडथळा होई आणि जमिनीचा तुकडा वाया जाई. परिणामी अनेक ठिकाणी शेतकऱ्यांनीच असे बांध मोडले किंवा त्यांची निगा राखली नाही. पुढे १९७२ च्या दुष्काळात आणि रोजगार हमी योजनेत खडी फोडणे, पाझर तलाव, नालाबांध अशी कामे मोठ्या प्रमाणात झाली. मजुरी मिळाली, हे या कामांचे मोठेच श्रेय आहे. परंतु काम संपल्यावर ते कोणाचे, या प्रश्नाला अनेकदा उत्तर नव्हते.

१९७५ मध्ये सैन्यातून परतलेल्या अण्णा हजारे यांनी पारनेर तालुक्यातील राळेगण सिद्धी येथे यादवबाबा मंदिराच्या जीर्णोद्धारापासून आरंभ करून नंतर जलसंधारणाची कामे हाती घेतली. नगर तालुक्यातील हिवरे बाजार येथे १९८९ मध्ये पोपटराव पवार यांच्याकडे सरपंचपद आले. १९९४ मध्ये हे गाव आदर्श गाव योजनेत सामील झाले. श्रमदान, कुऱ्हाडबंदी, चराईबंदी, नशाबंदी व नसबंदी ही पंचसूत्री या गावांनी स्वीकारली. हिवरे बाजारने याहीपुढे जाऊन शेतीसाठी कूपनलिका घेण्यास व ऊस-केळीसारख्या जास्त पाण्याच्या पिकांना मनाई केली आणि पावसाच्या नोंदीवरून दरवर्षी पाण्याचा ताळेबंद मांडण्याची प्रथा सुरू केली. सुमारे ४०० मिलिमीटर पावसाच्या गावात साठविलेले पाणी कसे वापरायचे, हा निर्णय साठवणुकीच्या कामाइतकाच महत्त्वाचा आहे, हे यातून स्पष्ट झाले.

या गावांचे यश असामान्य नेतृत्वावर अवलंबून असल्याची टीका झाली आणि ती निराधार नव्हती. असे नेतृत्व नसलेल्या गावात काय करायचे, या प्रश्नाला भारत-जर्मन पाणलोट विकास कार्यक्रमाने उत्तर देण्याचा प्रयत्न केला. त्याचे प्रवर्तक फादर हर्मन बाकर हे जन्माने स्विस असलेले जेसुइट धर्मगुरू अहमदनगरच्या सोशल सेंटरमधून दीर्घकाळ शेतकऱ्यांबरोबर काम करीत होते. नाबार्ड आणि जर्मनीच्या वित्त व तांत्रिक सहकार्य संस्था यांच्या सहभागाने हा कार्यक्रम नव्वदच्या दशकाच्या आरंभी कार्यान्वित झाला. फादर बाकर व क्रिस्पिनो लोबो यांनी १९९३ मध्ये स्थापन केलेल्या वॉटरशेड ऑर्गनायझेशन ट्रस्ट, म्हणजेच ‘वॉटर’ या संस्थेने लोकसंघटन व प्रशिक्षणाची बाजू सांभाळली.

या कार्यक्रमाची रचना प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने सर्वांत उद्बोधक आहे. त्यात दोन टप्पे होते. पहिल्या क्षमताबांधणीच्या टप्प्यात गावाने श्रमदान करून, चराईबंदी व कुऱ्हाडबंदी मान्य करून आपली तयारी सिद्ध करायची होती. ग्रामसभेने पाणलोट समिती नेमायची आणि लहान क्षेत्रावर प्रत्यक्ष काम करून पाहायचे होते. या कसोटीला उतरलेल्या गावालाच दुसऱ्या, म्हणजे पूर्ण अंमलबजावणीच्या टप्प्यासाठी निधी मिळे. दुसऱ्या टप्प्यात माथा ते पायथा या क्रमाने तांत्रिक आराखडा काटेकोरपणे राबविला जाई. आराखडा करताना मात्र १९४२ च्या कायद्याची चूक टाळण्यात आली. नगर तालुक्यातील पिंपळगाव वाघा येथे विकसित झालेल्या ‘नेट प्लॅनिंग’ पद्धतीत प्रत्येक गटाची पाहणी त्या शेतकरी कुटुंबाबरोबर शेतात उभे राहून केली जाई आणि बांध कोठे, चर कोठे, झाडे कोणती, हे त्यांच्या संमतीने ठरे. संगमनेर तालुक्यातील मेंढवण, दरेवाडी यांसारख्या गावांत या पद्धतीने कामे झाली.

येथेही मोल कोणी दिले, हे नोंदविणे आवश्यक आहे. चराईबंदीचा पहिला भार शेळ्या-मेंढ्यांवर जगणाऱ्या भूमिहीन व पशुपालक कुटुंबांवर पडला, तर विहिरीला वाढलेल्या पाण्याचा लाभ प्रामुख्याने विहीर असलेल्या शेतकऱ्याला झाला. ग्रामसभेची संमती म्हणजे प्रत्येक घटकाची संमती नव्हे. लोकसहभागाच्या पद्धतीतही दुर्बल घटकांसाठी स्वतंत्र तरतूद करावी लागते, हा धडा या कामांतून मिळाला.

निळवंडे : निवडीच्या अभावाचे मोल

प्रवरा खोऱ्यातच भंडारदऱ्याच्या खालच्या बाजूस असलेला निळवंडे प्रकल्प या विवेचनाची दुसरी बाजू दाखवितो. या प्रकल्पाची कल्पना १९७० मधील. त्या वेळी म्हाळादेवी येथे धरण प्रस्तावित होते व खर्चाचा अंदाज सुमारे ८ कोटी रुपयांचा होता. पुढे जागा बदलली, विस्थापितांच्या पुनर्वसनाचा व कालव्यांच्या मार्गाचा प्रश्न दीर्घकाळ रेंगाळला आणि धरणात पाणी साठू लागल्यावरही कालवे अपूर्णच राहिले. २६ ऑक्टोबर २०२३ रोजी पंतप्रधान नरेंद्र मोदी यांच्या हस्ते जलपूजन व ८५ किलोमीटर लांबीच्या डाव्या कालव्याचे लोकार्पण झाले, तेव्हा मूळ कल्पनेला ५३ वर्षे झाली होती. प्रकल्पाचा खर्च सुमारे ५,१७७ कोटी रुपयांवर गेला होता. मधल्या काळातील भाववाढ लक्षात घेता या दोन आकड्यांची सरळ तुलना करता येत नाही. परंतु सात तालुक्यांतील १८२ गावांसाठी नियोजित असलेल्या पाण्याची अर्धशतकाची प्रतीक्षा कोणत्याही ताळेबंदात मांडता येणार नाही.

भंडारदऱ्याचे धरण सोळा वर्षांत पूर्ण झाले आणि निळवंडे रखडले, यावरून इंग्रजी राजवटीची कार्यक्षमता अधिक होती असा निष्कर्ष काढणे योग्य नाही. वसाहतकालीन अभियंत्याला ज्या प्रश्नांची उत्तरे द्यावी लागत नव्हती, ती लोकशाहीतील अभियंत्याला द्यावीच लागतात. दोष आहे तो निराळाच. पुनर्वसन, कालव्याचा मार्ग आणि पाण्याचे वाटप हे संमतीचे विषय तांत्रिक आराखड्याच्या अखेरीस जोडलेले परिशिष्ट मानले गेले. त्यांच्यासाठी वेळ, निधी व स्वतंत्र यंत्रणा आरंभापासून ठेवली गेली नाही. त्यामुळे तंत्राचे काम झाले तेथेही संमतीअभावी काम अडले.

याच्या अगदी उलट प्रकारची चूक राज्यपातळीवर जलयुक्त शिवार अभियानात दिसून आली. डिसेंबर २०१४ मध्ये सुरू झालेल्या या अभियानामागे राळेगण व हिवरे बाजारची प्रेरणा होती. परंतु दरवर्षी ठरावीक संख्येने गावे टंचाईमुक्त करण्याचे लक्ष्य ठेवल्याने लोकशिक्षणाचा टप्पा आक्रसला आणि भर यंत्राने होणाऱ्या खोदकामावर राहिला. भारताचे नियंत्रक व महालेखापरीक्षक यांच्या २०२० मधील अहवालाने भूजलपातळी वाढविण्यात अभियानाला अपेक्षित यश न आल्याचे नमूद केले. ज्या कामाला शिकत जाण्याची पद्धत हवी, त्यावर वेळापत्रकाची पद्धत लादली गेली.

तुलना व निकष

वरील प्रकल्पांच्या तुलनेतून पद्धतीची निवड करण्यासाठी चार निकष हाती येतात.

१) ज्ञानाची निश्चितता : काय करायचे व कसे करायचे हे पुरेसे ज्ञात असेल, तर पूर्वनिश्चित आराखडा उपयुक्त ठरतो. धरणाची भिंत व कारखान्याची यंत्रसामग्री ही अशी कामे होत. लोकांच्या सवयी, आरोग्य, चराई यांसारख्या बाबतींत आरंभीचे ज्ञान अपुरेच असते.

२) चुकीची दुरुस्ती : चूक महाग व अपरिवर्तनीय असेल, तर आरंभीच सर्व तपासणी करणे भाग आहे. मातीचा बांध चुकला तर पुढच्या हंगामात बदलता येतो. म्हणून तेथे लहान आरंभ व क्रमशः विस्तार हा मार्ग श्रेयस्कर असतो.

३) साधनांवरील ताबा : जमीन, श्रम व कच्चा माल प्रकल्पकर्त्याच्या ताब्यात नसून अनेक कुटुंबांच्या हाती असेल, तर संमती ही औपचारिकता राहत नाही. ती प्रकल्पाची पहिली सामग्री ठरते. प्रवरानगरने भाग विकून आणि पाणलोट कार्यक्रमाने श्रमदानातून ती आधी गोळा केली.

४) पश्चात जबाबदारी : प्रकल्पकर्ता निघून गेल्यावर निगा कोण राखणार, हे ठरलेले असावे. जो निगा राखणार आहे, त्याचा नियोजनात सहभाग नसेल तर काम टिकत नाही.

एकाच प्रकल्पातील निरनिराळ्या घटकांना हे निकष निरनिराळे उत्तर देतात, हे लक्षात घेण्याजोगे आहे. भंडारदऱ्याच्या भिंतीला एक पद्धत हवी होती, तर तिच्या कालव्याला दुसरी.

निष्कर्ष

अहमदनगर जिल्ह्याच्या इतिहासात अधिकारप्रधान, सहकारी व लोकसहभागी या तिन्ही पद्धती यशस्वी झालेल्या दिसतात आणि तिन्ही अपयशीही ठरलेल्या दिसतात. अपयशाचे कारण बहुधा पद्धतीच्या अंगभूत दोषात नसून ती कोणत्या कामाला लावली गेली, यात आढळते. भारत-जर्मन कार्यक्रमाने संमतीचा व तंत्राचा टप्पा वेगळा करून त्यांचा क्रम निश्चित केला. या अभ्यासातील ही सर्वांत विचारपूर्वक केलेली निवड म्हणावी लागेल.

लाभाच्या न्याय्य वाटपाचा प्रश्न मात्र कोणत्याही पद्धतीने आपोआप सुटलेला नाही. भंडारदऱ्याचा खंडकरी, प्रवरानगरचा ऊसतोडणी कामगार आणि चराईबंदीतील मेंढपाळ यांच्या स्थितीकडे पाहता, प्रकल्पातून कोण वगळले जाते याची नोंद नियोजनाच्या पहिल्याच पानावर असावी, असे सुचवावेसे वाटते. निळवंड्याच्या लाभक्षेत्रात आता पाणी पोहोचू लागले आहे. तेथील पीकरचना, शेपटाकडील शेतकऱ्याचा हक्क व जमिनीचा निचरा या बाबतींत कोणती पद्धत निवडली जाते, यावर शंभर वर्षांपूर्वी प्रवरा कालव्यांवर घडलेल्या गोष्टींची पुनरावृत्ती होते की नाही, हे अवलंबून राहील. जिल्ह्यातील महाविद्यालयांचे इतिहास, अर्थशास्त्र, भूगोल व वाणिज्य विभाग यांनी या लाभक्षेत्राचा आरंभापासून एकत्रित अभ्यास हाती घेतल्यास तो पुढील नियोजनाला निश्चितच उपयोगी पडेल.